तीनदा पुकारा

वकिलाच्या घरात कागद साठतात माळ्यावर आणि किस्से साठतात स्वयंपाकघरात! हे कोर्टातून आले की चहा पिता पिता सांगतात, मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. मध्यप्रांत-वऱ्हाडात इतरत्र काय करतात ठाऊक नाही, पण आमच्या अमरावतीच्या कोर्टात शिपाई व्हरांड्यात येऊन तीनदा नाव पुकारतो. अशील नाही, वकील नाही, की अपील खारीज!

*

मोर्शीचा एक संत्र्याच्या बागेवाला. पुकारा झाला तेव्हा हे दुसऱ्या कोर्टात उभे, आणि स्वारी बाहेर निंबाखाली बसलेली. अपील गेलं!

"ऐकू नाही आलं का?" यांनी विचारलं.

"आलं न जी! पण त्या शिपायानं माह्या बापाचं नाव एकेरी घेतलं. म्या कावून ओ देऊ?"

अपील पुन्हा उभं करायच्या अर्जात आता गैरहजेरीचं कारण काय लिहावं, म्हणून हे दोन दिवस डोकं धरून बसले!

*

अकोल्याच्या एका म्हाताऱ्या बाईंची तारीख. गाडी लेट, आणि हे तापानं पडलेले. पुकारा होताच आमचे कारकून गणपतराव ओरडले, "हाजिर!"

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही सरस्वतीबाई?"

"नाही हुजूर. पण त्या येऊन रायल्या. वकीलसाहेबांच्या घरी त्यांच्यासाठी भातसुद्धा टाकला आहे!"

साहेब हसले. "बरं, मधल्या सुट्टीनंतर घेऊ."

गणपतराव धावत घरी आले आणि मला म्हणाले, "बाई, आधी भात टाका!"

*

वलगावचे श्यामराव आणि नामदेव. भाजीचे मळे लागून, विहीर एकच. पाण्याच्या पाळीवरून खटला झाला, त्यात श्यामराव हरले. आता अपीलही गेलं, तर पाणी बंद आणि सगळी वांगी वाळणार. तारखेला मात्र दोघं एकाच बैलगाडीतून यायचे. गाडी नामदेवकडेच होती ना!

एकदा वाटेत नामदेवचा बैल लंगडला. हे त्या दिवशी अकोल्याला. अपील खारीज!

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेव आमच्या ओसरीवर हजर. "वकीलसाहेब, श्याम्याचं अपील पुन्हा उभं करा. मी साक्ष देतो."

"अरे, पण तू तर जिंकलास!"

"मी कुठी जिंकलो जी? माहा बैल लंगडला! त्याले हरवाचं तर कोर्टात भांडून हरवीन."

साक्ष झाली. अपील पुन्हा लागलं, आणि निकाल श्यामरावांच्या बाजूनं गेला! कोर्टाबाहेर नामदेव असा भडकला की शिपाईसुद्धा बाहेर आला. "माह्या गाडीत पाय ठेवू नोको! जाय पायी!"

आमचं घर वलगावच्या रस्त्यावरच. संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं. श्यामराव पायी चालले होते. मागे दहा हातांवर नामदेवची रिकामी गाडी, त्यांच्याच चालीनं.