चिखल न लागलेली जखम

"खाचरात घसरली वो, डाक्टर. भाताची लावणी चाललीया न्हवं," पेशंटच्या सासूबाई म्हणाल्या. सून सुनीता तोंडाला पदर लावून खुर्चीत बसली होती.

नसरापूरला माझा दातांचा दवाखाना आहे. या दोघी हिर्डोशीहून दोन एसट्या बदलून आलेल्या. मी स्वभावाने संशयी. नवरा म्हणतो, तू भाजीवालीचीही उलटतपासणी घेतेस. त्यात माझं माहेर वेल्ह्याकडचं. लावणीत मीही पडलेय. चिखल नाकातोंडात जातो, पण दात हलत नाही.

पदर काढला. वरचा पुढचा दात टाळूकडे ढकललेला. याला आम्ही लक्झेशन म्हणतो, म्हणजे दात तुटत नाही, जागा सोडतो. नुसता ढिला झाला तर सबलक्झेशन, मुळासकट निघाला तर अव्हल्शन. पडणारा माणूस आधी हात टेकतो, म्हणून बहुतेकदा तळहात, हनुवटी खरचटते. हिचं दोन्ही धड. ओठ आतून फाटलेला, पण चिखलाचा कण नाही.

शेजारचा दात करडा दिसत होता. मार बसून आतली नस मेली, की काही महिन्यांत असा रंग येऊ शकतो.

"हा कधी लागला?"

"त्यो लहानपणचाच हाय," पुन्हा सासूबाईच.

मला सणकून राग आला. नवऱ्यानेच मारलं असणार, आणि ही बाई मुलाला पाठीशी घालतेय! एक्स-रेचं निमित्त करून सासूबाईंना बाहेर बसवलं.

"सुनीता, कोणी मारलं?"

"पडले म्या."

"पोलिसांना कळवू?"

"नगं, म्याडम. घरी दोन पोरी हायेत."

भूल देऊन दात जागेवर आणला, आधाराला तार लावली. केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या. 'पडल्याचं सांगतात.' खाली, 'जखमा पडल्यासारख्या वाटत नाहीत. शेजारच्या दाताला जुना मार.' तिला विचारून फोटोही काढले.

चार आठवड्यांनी तार काढायला दोघी आल्या. सासूबाई बसायला तयार नव्हत्या.

"डाक्टर, त्या दिशी म्या खोटं बोलले. परवा ल्येकानं थोरल्या नातीवर हात उचलला. तुमी लिवल्याला कागद द्या. ठाण्यात जायचंय."

"तक्रार कोण देणार?"

"ही देनार. आन साक्ष मी."

मी कागद आणि फोटो सुनीताच्या हातात दिले. त्याच दिवशी तक्रार नोंदली गेली. सुनीताचा नवरा आता त्या घरात राहत नाही. तिचा तो ढकललेला दात रूट कॅनाल करून वाचला.

तेव्हापासून केसपेपरवर मी ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळं लिहिते. जखमेबद्दलचा माझा संशय खरा ठरला. सासूबाईंना मात्र मी अजिबात ओळखलं नव्हतं.