देवघेवीच्या खिडकीवरच्या हळूबाई

हळूबाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. निम्मं आयुष्य ग्रंथालयात गेलं आणि आवाज एकदा जो खाली बसला तो वर आलाच नाही. घरी नवऱ्याशी भांडायच्या त्याही कुजबुजत. तो बिचारा भांडण संपल्यावर विचारायचा, "काय म्हणालीस?" वाचकांना पुस्तकं द्यायची आणि आलेली परत घ्यायची, हे काम ज्या खिडकीवर चालतं तिला ग्रंथालयात नुसतं 'देवघेव' म्हणतात. त्या खिडकीवर हळूबाई बसायच्या आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांची धाकटी जाऊ.

जाऊ हंगामी होती. दीर अचानक गेला, तिच्या पदरात दोन लेकरं, तेव्हा हळूबाईंनीच साहेबांच्या दाराशी खेटे घालून तिला चिकटवलं होतं. दर वर्षी तिची मुदत संपायची, दर वर्षी वाढवून मिळायची, आणि ती मिळेपर्यंत दोघी जावांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणून नव्या करारात हंगामींना कायम करा, या मागणीवर हळूबाई अडून बसल्या होत्या.

त्या युनियनच्या चिटणीस कशा झाल्या, हीसुद्धा एक गंमतच. सभेत त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्या चक्क 'नाही' म्हणाल्या होत्या, पण कोणाला ऐकूच गेलं नाही. टाळ्या पडल्या आणि झाल्या चिटणीस. अध्यक्ष होता ग्रंथालयाच्या फिरत्या गाडीचा ड्रायव्हर. त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि ते काही गाडीमुळे नाही. करारावर या दोघांच्याही सह्या लागायच्या.

सभागृहाला रंग लागत होता म्हणून शेवटची बैठक बालविभागात भरली. मोठाली माणसं बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून, एकमेकांचं भवितव्य ठरवायला बसली. प्रशासनाच्या साहेबांना तसं बसलेलं पाहून एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी कोणी हसत नव्हतं, कारण करार झाला नाही तर दुसऱ्या दिवशी संप, हे ठरलेलं होतं.

साहेब मात्र गोड बोलत होते. पगारवाढ मान्य. दवाखान्याचा खर्च मान्य. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर बदली रजा, तीही मान्य. भोंग्याचा चेहरा खुलत गेला. हळूबाईंचा जीव टांगणीला लागला होता, कारण हंगामींचं नाव कोणीच काढत नव्हतं.

"आणि हंगामींचं?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतायत बाई?"

"हंगामींचं काय, असं विचारतायत," भोंगा जरा नाइलाजानेच म्हणाला.

"ते पुढच्या वर्षी बघू. अहो, मी एवढं दिलं, तुम्ही एक सोडा. शेवटी देवघेवीचंही काहीतरी बघायला हवं ना."

आता सगळ्या जगात याचा अर्थ एवढाच, की थोडं तू सोड, थोडं मी सोडतो. पण हळूबाईंच्या डोक्यात देवघेव म्हणजे एकच गोष्ट. 

"देवघेवीचं काय करणार आहात तुम्ही?"

या वेळी साहेबांना बरोबर ऐकू गेलं. त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला कोणी सांगितलं? यंत्रांचं अजून कागदावरसुद्धा आलेलं नाही."



"कसली यंत्रं?" भोंग्याने विचारलं.

मग लपवण्यात अर्थच उरला नाही. वाचक स्वतःच पुस्तक यंत्रावर ठेवणार, नोंद आपोआप होणार, खिडकी बंद. "कायमच्या माणसाला धक्का नाही लागणार," साहेब सावरून म्हणाले. "बाई, तुम्हाला वर संदर्भ विभागात बसवतो. पंखा आहे, हवेशीर खिडकी आहे, गर्दी नाही. हंगामींची मुदत संपली की ते मोकळे." आणि त्यांनी करार पुढे सरकवला. "सही आज झाली तर हे सगळं मिळेल. उद्याचं मी काही सांगत नाही."

भोंग्याने पेन उघडलं, मग हळूबाईंकडे पाहिलं. "हातातोंडाशी आलेला घास आहे हो," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला.

हळूबाईंना मोह झाला नाही असं नाही. दुखरे पाय घेऊन बसायला वरची ती निवांत जागा त्यांना हवीच होती. पण त्या जागेवर बसून खालची रिकामी खुर्ची कशी विसरायची, ते त्यांना कळेना.

"नाही," त्या म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात. सगळ्यांना ऐकू गेलं.

संध्याकाळी जावेच्या घरी जाऊन त्यांनी तिला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती भांडं विसळत राहिली. "ताई, संपात उतरले तर माझी मुदत उद्याच संपेल," ती म्हणाली. "तुम्हाला ते घरी नाही बसवणार. मला बसवतील." आपण हिचं भलं केलं की हिला खड्ड्यात घातलं, याच विचारात त्या परतल्या.

सकाळी फाटकाबाहेर सगळे जमले. साहेबांनी हंगामींना फोन केल्याची बातमी तोवर पसरली होती. खिडकी चालवा, कायम करतो. दोघेतिघे मान खाली घालून आत गेलेही. मग कोपऱ्यावरून जाऊ येताना दिसली. खांद्याला नेहमीची कामाची पिशवी, आणि चाल सरळ फाटकाकडे.

भोंग्याने छाती भरून श्वास घेतला. हळूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सवयच ती. आणि सगळा घोळका वाचनालयातल्यासारखा गप्प झाला.

जाऊ फाटकाशी थांबली. आतल्या पहारेकऱ्याने कडी काढली. तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि वळून हळूबाईंपाशी आली.

"सरका जरा," ती म्हणाली.

हळूबाई सरकल्या. विचारायचं धाडस होईना, तरी त्यांनी विचारलं. "तुला आला होता फोन?"

"आला ना. तुमच्याच जागी कायम करतो म्हणाले." तिने पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मी म्हटलं, साहेब, ती खुर्ची ताईंच्या नावावर गेलेली आहे. त्यांनी परत केल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही."

हळूबाईंनी तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. डोळे पुसायला तिचे हात मोकळे हवे होते.