टांगलेलं इंजिन

गिरीश वाकणकरांनी आयुष्यभर मोटारगाड्यांच्या कंपनीत नोकरी केली, पण मोटार कशी चालते हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळ्यांचे इंजिनिअर. गार हवा ड्रायव्हरच्या तोंडावर यावी की छातीवर, या विषयावरच्या बैठकांमध्ये त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली आणि मग ते रिटायर झाले. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींमध्ये मात्र 'वाकणकर म्हणजे गाड्यांमधले दर्दी' अशी ख्याती होती, आणि त्यांनी ती कधी खोडून काढली नाही. खरी दर्दी आपल्या घरात आहे हे ते मनातल्या मनात ओळखून होते.

सुचित्रा मिरजेची. तिच्या वडिलांचा मालवाहतुकीचा धंदा होता. बाकीच्या मुली भातुकली मांडत तेव्हा ही ट्रकच्या बॉनेटखाली डोकं घालून उभी. लग्न करून अमेरिकेत आली, बँकेत नोकरी केली, अमेयला वाढवलं, मंडळाच्या गणपतीला मोदक वळले. पण ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली, की बाई फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसायची आणि नुसत्या आवाजावरून कुठलं इंजिन ते सांगायची. नवऱ्याने शेजारी बसून सँडविच द्यायचं, एवढंच त्याचं काम.

दोघं रिटायर झाल्यावर तिने त्यांना एका शेतावरच्या कोठारात नेलं आणि एका गाडीवरची ताडपत्री ओढली. खाली अडुसष्ट सालची पॉन्टियाक जीटीओ. पत्रा गंजलेला, सीटचा कापूस उंदरांनी उपसलेला.

"हिला उभी करायची," सुचित्रा म्हणाली.

गिरीशरावांना वाटलं, थट्टा करतेय. पुढच्याच महिन्यात ती गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये होती आणि त्यांची रोजची चांगली गाडी बाहेर बर्फात.

मग दोघांनी तिचा एकेक भाग सुटा केला. त्यांनी स्क्रू सैल करायचे, तिने साफ करून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांमध्ये भरायचे. डबे सगळे सारखे. गिरीशराव एकदा म्हणाले, "अगं, कुठलं काय ते वर लिहून ठेवू या का?" त्यावर ती हसली. "मी असताना चिठ्ठ्या कशाला?"

गाडीचा सांगाडा उरला आणि सुचित्राला झटका आला. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. सगळीच गेली असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पण एक शब्द उरला. एकच.

"क्लीनर."

भूक लागली तरी क्लीनर, कूस बदलायची असली तरी क्लीनर. गिरीशरावांनी आपल्या परीने अर्थ लावला. त्यांनी खिडक्या पुसल्या, गालिचे धुऊन घेतले, तिचा चष्मा येता-जाता पुसून दिला. अमेयने जर्सी सिटीहून फोनवर ठरवून साफसफाईवाल्या बायका पाठवल्या. घर लखलखीत झालं, पण तिचं ओरडणं थांबलं नाही. हात करून दाखव म्हटलं तर डावा हात थरथरत भलतीकडेच जायचा, आणि मग ती स्वतःच्याच हातावर चिडायची.

सगळ्यात वाईट व्हायचं ते स्पीच थेरपीला जाताना. पुढच्या सीटवर ती त्यांच्या अंगावर कलंडायची, म्हणून ते तिला मागे उशांच्या मधोमध पट्ट्याने बांधून बसवायचे. गाडी सुरू झाली की ती पुढच्या सीटच्या पाठीवर धपाधप मारत क्लीनर, क्लीनर असा आक्रोश मांडायची. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं बघायची. गिरीशरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी डॉक्टरांनी शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की तिची मान छातीवर पडायची आणि गाडीत शांतता व्हायची. त्या शांततेत गिरीशराव भरून येणाऱ्या डोळ्यांनी गाडी हाकायचे, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःची लाज वाटायची.

त्यातच बाथरूममध्ये तिला उचलताना त्यांच्या कमरेत लचक भरली आणि दोघंही खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. हे त्यांनी अमेयला सांगितलं नव्हतं. पण त्याला सुगावा लागलाच. तिला कायमचं ठेवता येईल का ते बघायला त्याने जवळच्या एका केअर होममध्ये रविवारची वेळ घेतली.

"बाबा, ॲक्सेप्ट कर ना," तो फोनवर म्हणाला. "तिला काही कळत नाहीये. शी इज नॉट इन देअर एनीमोर. आणि तू असाच करत राहिलास तर आय विल लूज बोथ ऑफ यू."

मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर त्याला चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं.

गिरीशरावांच्या डोक्याने मग एक वेड घेतलं. त्या जीटीओचं इंजिन सुरू करायचं. रविवारच्या आत. त्या इंजिनचा आवाज तिच्या कानात गेला की ती मान वर करेल, त्यांच्याकडे बघेल, आणि ती आत आहे हे अमेयला दिसेल. असं होतं का कुठे? हवेच्या जाळ्यांचा इंजिनिअर अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचं इंजिन एकट्याने बसवतो का? पण माणसाचा धीर सुटला की तो हाताला लागेल ते धरतो, आणि यांच्या हाताला गॅरेजमधलं हे एवढंच लागत होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी मुद्दाम तिला गोळी दिली नाही. शाल गुंडाळून तिची चाकाची खुर्ची गॅरेजमध्ये, गाडीच्या समोर आणून ठेवली. इंजिन साखळीने क्रेनला टांगलेलं होतं. ते खाली गाडीत उतरवायचं आणि आतल्या दोन लोखंडी ब्रॅकेटांवर टेकवून बोल्ट घालायचे, बस. व्हिडिओत एका टोपीवाल्या माणसाने हे कॉफी पिता पिता केलं होतं.

इंजिन खाली आलं आणि अडलं. एका बाजूचा बोल्ट जाईना. त्यांनी ते वर घेतलं, ढकललं, पुन्हा उतरवलं. पुन्हा तेच. नोव्हेंबरच्या थंडीत त्यांना घाम फुटला. बोटं सोलवटली, कंबर ठणकायला लागली. अमेयचं विमान दुपारी यायचं होतं, आणि एक धूड अधांतरी लोंबत होतं, ना आत ना बाहेर. त्यांनी दोन्ही ब्रॅकेट काढून बघितले. दिसायला जुळे, पण एकाचं भोक बोटभर पुढे होतं. कुठला कुठल्या बाजूचा ते देव जाणे आणि सुचित्रा जाणे. त्यांनी एक उचलला आणि ड्रायव्हरच्या बाजूला वाकून लावायला लागले.

"क्लीनर!"

त्यांनी लक्ष दिलं नाही.

"क्लीनर! क्लीनर!" ती खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होती. चेहरा लालबुंद झाला होता.

आणि गिरीशरावांचा बांध फुटला. हातातला पाना त्यांनी भिंतीवर भिरकावला. "साफ आहे गं! सगळं साफ आहे! काय पुसू आणखी? कातडी सोलून ठेवू का माझी?" चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात ते इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. "मला नाही जमत हे! तू सांग ना! सांग, कुठे लावू हा?"

ब्रॅकेट त्यांनी तिच्या तोंडासमोर नाचवला. सुचित्राने त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी ती ओरडली नाही. शाळेतल्या ढ मुलाला सांगावं तसं सावकाश, एकेक अक्षर सोडवत म्हणाली, "क्ली. नर."

गिरीशरावांना एकदम एक जुनं अंगण आठवलं.

खूप वर्षांपूर्वी, नवीन नवीन ट्रॉयमध्ये आल्यावर, कुणाच्या तरी घरच्या पार्टीहून निघताना सुचित्रा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "अहो, क्लीनर साइडचं दार नीट लागलं नाहीये." अंगणात एकच हशा पिकला. पुण्या-मुंबईचे ते सगळे इंजिनिअर आणि डॉक्टर पोट धरधरून हसले, 'वहिनी, इथे क्लीनर नसतो हो, पॅसेंजर साइड म्हणा.' सगळ्यात मोठ्याने हसले होते गिरीश वाकणकर. त्यानंतर तिने तो शब्द उच्चारला नव्हता. मिरजेच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जो बसतो तो क्लीनर, आणि त्याची बाजू ती क्लीनर साइड. शहाण्या माणसांनी हसून शिकवलेले सगळे शब्द त्या झटक्यात वाहून गेले होते आणि वडिलांच्या ट्रकमधला हा एकटा तग धरून राहिला होता.

त्यांनी मुकाट्याने ब्रॅकेट दुसऱ्या बाजूला नेला आणि लावला. दुसरा ड्रायव्हरच्या बाजूला लावला. ती गप्प होती, फक्त बघत होती. क्रेनचा व्हॉल्व्ह सैल केला, इंजिन हळूहळू खाली आलं आणि बसलं. बोल्ट बोटाने ढकलला तर आत गेला.

गिरीशरावांना आनंद झाला असं वाटेल कुणाला. तसं झालं नाही. बोल्ट आत गेला त्याच क्षणी त्यांना गाडीतली मागची सीट आठवली. पुढच्या सीटवर मारलेल्या त्या बुक्क्या. दर फेरीला ती हेच मागत होती. मला पुढे बसव. तुझ्या शेजारी. तिने ते स्वच्छ, शुद्ध मराठीत मागितलं होतं, आणि त्यांनी तिला गोळी दिली होती.

ते खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसले. "तुला पुढे बसायचं होतं," ते म्हणाले. "क्लीनर साइडला. माझ्या शेजारी."

सुचित्राने डावा हात उचलला आणि फाडकन त्यांच्या थोबाडीत दिली. जोरात, होती नव्हती ती सगळी ताकद लावून. मग त्याच हाताने त्यांचा शर्ट मुठीत धरला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. गिरीशराव तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ग्रीसचे हात तिच्या शालीला लागत होते आणि दोघांनाही त्याची फिकीर नव्हती.

दुपारी अमेय आला. गिरीशरावांनी त्याला दारातच गाठून सगळं सांगितलं, इतक्या घाईने की अर्धं त्याला कळलं नसावं. त्याने इंजिन बघितलं, आईला मिठी मारली आणि बाबांना बाजूला घेतलं.

"बाबा, आय बिलीव्ह यू. पण वन वर्ड आहे यार तो. आणि तुझी कंबर बघ. उठता येत नाहीये तुला. उद्या नुसतं बघून येऊ, ओके?"

कंबर खरंच उठू देत नव्हती. ती आत आहे हे आता त्यांना ठाऊक होतं, आणि आत आहे म्हणूनच तिला त्या होममध्ये ठेवणं म्हणजे जिवंत माणसाला भिंतीत चिणणं. पण तिला उचलायला हात लागतात, आणि ते हात त्यांच्याकडे नव्हते. आदल्या दिवसापर्यंत त्यांना तिची कीव येत होती. आता नुसती भीती वाटत होती.

रविवारी सुचित्रा पुढे बसली. वाटेत ती त्यांच्या खांद्यावर कलंडली आणि त्यांनी तशीच गाडी चालवली. मागे अमेय उशांमध्ये बसला होता.

केअर होम चांगलं होतं, फुलं होती, कॉफी होती. तिथली नर्सही प्रेमळ बाई. ती सुचित्रासमोर वाकली आणि इंग्रजीत, बहिऱ्याशी बोलावं तशी, मोठ्याने म्हणाली, "सुचित्रा, हनी, हे कोण आलेत तुमच्याबरोबर? सांगता येईल? हे तुमचे कोण?"

सुचित्राने गिरीशरावांकडे पाहिलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठल्या. कुठला तरी दुसरा शब्द ती आतून ओढून काढत होती आणि तो येत नव्हता. गिरीशरावांनी तिचा हात घट्ट धरला.

"क्लीनर," ती म्हणाली, आणि हरल्यासारखी तिची मान खाली गेली.

"इट्स ओके, स्वीटी," नर्स म्हणाली. अमेयकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "असं होतं. जवळची माणसंसुद्धा ओळखू येत नाहीत मग."

गिरीशरावांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बोलला तो अमेय.

"नो," तो म्हणाला. "शी जस्ट आन्सर्ड यू. क्लीनर म्हणजे... इट्स द वन हू सिट्स नेक्स्ट टू द ड्रायव्हर. यू आस्क्ड हू ही इज. शी सेड, आय सिट नेक्स्ट टू हिम."

नर्सच्या काही लक्षात आलं नाही. अमेय खुर्चीसमोर खाली बसला. आजवर तो आईबद्दल बाबांशी बोलत होता, डॉक्टरांशी बोलत होता, फोनवर कुणाकुणाशी बोलत होता. आता तो तिच्याशी बोलला.

"आई, इथे राहायचंय तुला?"

तिने मान हलवली. नाही.

"बाबाला उचलता येत नाही तुला. मला शिकव कसं उचलायचं. मी थांबतो."

गिरीशरावांना वाटलं, ती आता रडेल. पण तिने अमेयला आधी नीट न्याहाळलं, त्याचे खांदे, त्याचे हात, आणि मग डावा हात त्याच्या गळ्यात टाकून उचल म्हणून वाट बघत राहिली.