तिरक्या ओळी

मानवतहून परभणीला निघालेल्या एसटीत एक पोरगी माझ्या शेजारी बसली. मांडीवर लॅपटॉप उघडून ती शेंगा खात खात टाइप करू लागली. कचेरीबाहेर बसून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केलेत. दुसऱ्याच्या अक्षरांत नाक खुपसायची खोड जात नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, अगदी साधी, बिनशेपटीची. आय असो की डब्ल्यू, प्रत्येकाला जागा सारखीच. थेट माझ्या टाइपरायटरसारखी. एसटीच्या सीटसारखीही, काडी बसो की पोतं, वाट्याला तेवढंच येतं.

मधल्या काही ओळी मात्र तिरक्या होत्या, बस वळणावर असल्यागत.

"ह्या का गं कलंडल्या?" मी विचारलं.

"काका, ह्यो कंप्युटरचा प्रोग्राम हाय. सरळ वळी मशीनसाठी. तिरक्या मशीन वाचतच न्हाई, सोडून पुढं जातंय. त्या माणसाला समजावं म्हणून लिवायच्या."

मी चष्मा सारखा करून एक तिरकी ओळ वाचली. अक्षरं इंग्रजी, पण मजकूर शुद्ध मराठी: 'हे साहेबाच्या हट्टापायी केलंय. साहेब गाढव आहे.'

"आणि साहेबानं वाचलं तर?"

"दोन वर्षं झाली, असंच लिवायलेय," टरफलं झटकत ती म्हणाली. "त्याला फक्त काम चालतंय का तेवढंच बघायचं असतंय."

परभणीला ती उतरून गेली. मी तीस वर्षं प्रत्येक अर्ज 'माननीय साहेब' असा सुरू केला, सरळ अक्षरांत. साहेबांनी एकही धड वाचला नाही. च्यायला, एकदा तरी मनातलं टाइप करायला हवं होतं.