आक्काची पारख

आक्का गेल्याचं सांगायला तिची शेजारीण वखारीच्या दारात आली, तेव्हा आम्ही बायका तंबाखू निवडत होतो. "आक्का ग्येली," एवढंच ती म्हणाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी लावला नाही. सुटली, असं मनात आलं... महिना होऊन गेला, अजून तेच वाटतं.

निपाणीच्या त्या वखारीत आम्ही दोघी उभा जन्म शेजारी बसलो. आक्काला अक्षर येत नव्हतं, पण माणसाचं तोंड वाचता येई. म्हणून पोरीला स्थळ आलं की आयाबाया तिला सोबत न्यायच्या. एका घरी नवरामुलगा पान उचलण्याआधीही आईकडं बघत होता. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "पोरगा गुणाचा हाय गं. पर त्याचं लगीन कवाच झालंय, आईसंगं." दुसऱ्या एकीनं विचारलं, "सासू प्रेमळ दिसती, न्हाय?" आक्का म्हणाली, "प्रेमळच की. अजून सून कुठं आलीया?" लोक हसायचे, आणि तिचं ऐकायचेही.

मानमोडीच्या साथीत आक्काचा नवरा गेला. मागं एकच मुलगी, सोना. ती लग्नाची झाली तेव्हा मात्र आक्का कुठं स्थळ बघायला गेलीच नाही. आमच्या भागात सख्ख्या मामाला मुलगी देतात. आक्कानं सोनाला आपल्या धाकट्या भावाला दिलं. पोर घरच्या घरात राहील, सासू म्हणून आजीच मिळेल, असा तिचा विचार. मी म्हटलं, "आक्का, भावाला येकदा बघ तरी." तर हसली. "त्येला काय बघायचं? कडेवर वाढवलाय मी."

वर्षाच्या आत सोना परत आली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. मामा दारू पिऊन मारत होता आणि आजी म्हणत होती, सगळेच मारतात. आक्का तडक माहेरी गेली. आईनं उंबऱ्यातच विचारलं, "सोनीची आई म्हणून आलीस, का माझी लेक म्हणून?" जिच्या तोंडाला वखारीत कुणी लागत नसे, ती आक्का उंबऱ्यातूनच परत फिरली. पोरीला सासरी छळलं तर मामा-आजी भांडायला जातात. इथं मामाच नवरा आणि आजीच सासू... जायचं कुणी? भावानं निरोप धाडला, सोनीला ठेवून घेतलीस तर हे घर तुला मेलं.

आक्का तिला ठेवून घेणार होती. सोनाच उठली. "माझ्यापायी तुझं माह्यार तुटाय नगं," म्हणाली आणि निघाली. आक्कानं अडवलं नाही. त्या दिवशी तंबाखू निवडता निवडता मला म्हणाली, "परक्याचं तोंड दिसतं गं, कृष्णे. आपल्या माणसाच्या तोंडावर आपणच माया फासून ठेवतो. खालचं दिसतच न्हाय." शहाणपणाचंच बोलली. उपयोग काही झाला नाही. पुन्हा ती कुणाच्या स्थळाला गेली नाही.

दर पंचमीला सोना यायची. "बरी हाय," म्हणायची. आक्का तिला आल्या आल्या पाठमोरी बसवायची आणि वेणी घालायला घ्यायची. झालेली वेणी सोडायची, पुन्हा घालायची. जाईपर्यंत लेकीला समोर येऊ द्यायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "समोर आली तर मला कळतंय की."

तेरावं झाल्यावर सोना माझ्याकडं आली. आता तिचेही केस पिकायला लागलेत. केस सोडले, फणी माझ्या हातात दिली आणि पाठ करून बसली. मानेवर काळानिळा वळ होता, ताजा...

समोर बस म्हणणार होते. पण समोर बसवून तरी मी तिला कुठं ठेवून घेणार होते? वेणी घातली.