एक ते चार बंद

“थांबलात ना? मग आता दिसा,” उस्ताद डाव्या फोनमध्ये म्हणाले. पलीकडून डॉक्टरबाईंनी सांगितलं की पुन्हा गोळी सुटली, जीपच्या पुढ्यातली माती उडाली.

उस्ताद उभे होते धायरीत, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत. डाव्या कानाला त्यांच्या संस्थेचा फोन. उजव्या कानाला माझा, स्वयंपाकघरातून खिडकीवाटे ओढून आणलेला. तो धरून मी उभी होते. डाव्या फोनवरच्या डॉक्टरबाई पार तिकडे पूर्वेच्या डोंगरात, संस्थेच्या दवाखान्यात होत्या, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात जीपशी बोलायचा वायरलेस होता. दवाखान्याकडे निघालेल्या त्या जीपमध्ये ड्रायव्हर, एक नर्स आणि मागे आडवी पडलेली एक अडलेली बाई. पुढे वळणावर लष्कराची चौकी. गोळ्या चौकीवरून येत होत्या. माझ्या हातातल्या फोनवर त्या चौकीचे साहेब होते.

जीप पुढे गेली नाही तर बाई जाणार, आणि हलली तर तिघंही. मी चौथी शिकलेली. पण एवढं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता उस्ताद कोण ते सांगते. जन्मभर त्यांनी खडकवासल्याला उद्याच्या लष्करी साहेबांना कवायत शिकवली. तिथली पोरं कवायतीच्या मास्तरला उस्ताद म्हणतात, म्हणून आमची गल्लीही म्हणायला लागली. निवृत्त झाल्यावर ते एका संस्थेत लागले. जिथे बंदुका चालू आहेत तिथे औषधं आणि धान्य पोचवायचं, हे त्या संस्थेचं काम. तिने माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तेव्हा आमच्या ज्वारीच्या रानात लिफ्टची इमारत उठत होती, आणि माझा धाकटा मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागून घरात इंग्रजी बोलायला लागला होता. त्यामानाने उस्तादांचं मला बरं समजायचं.

आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मिशी काढली. चांगली झुपकेदार मिशी होती. मी विचारलं, घरातलं कुणी गेलं का?

“नाही, वहिनी. या कामात मी कुणाच्याही बाजूचा दिसायला नको.”

मिशी गेली, पण बाकीचा माणूस जाईना. नळावर तोंड धुतानासुद्धा टाचा जुळलेल्या. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, नोकरी सुटते पण अंगातून निघत नाही. उस्ताद ती काढायला रोज खटपट करायचे. सिंहगड रोडला लष्कराची गाडी शेजारून गेली की त्यांचा उजवा हात वर निघायचा आणि वाटेत डोकं खाजवायला लागायचा.

डोंगरात जाणाऱ्या नर्स आणि ड्रायव्हर यांना ते आमच्या अंगणात तयार करायचे. आमचा ट्रॅक्टर म्हणजे जीप. गोठ्याचं फाटक म्हणजे चौकी. खराट्याचा दांडा घेऊन फाटकात उभा राहिलेला शिपाई म्हणजे मी. मला ते काम आवडलं. शिकल्यासवरल्या पोरी माझ्यासमोर हात वर करून उभ्या राहायच्या.

“आधी थांबा, मग दिसा, मग बोला,” उस्ताद घोकून घ्यायचे. दारं उघडा, हात दाखवा, काचेवरचा पडदा काढा. समोरचा माणूस घाबरलेला असतो, त्याच्या हातात बंदूक असते, तेव्हा त्याची भीती आधी घालवा. ते हे सगळ्यांनाच सांगायचे. बिल्डरची गाडी गल्लीत हॉर्न वाजवत शिरली की मध्ये उभे राहायचे आणि त्यालाही तेच ऐकवायचे. भाजीवालीने दाराबाहेरूनच ओरडून भाव सांगितला तर म्हणायचे, “बाई, आधी दिसा.”

मी एकदा विचारलं की दवाखाना तिकडे, चौकी तिकडे, मग फोन धायरीला कशाला? तेव्हा त्यांनी समजावलं. दवाखान्याने सरळ लष्कराला फोन लावला तर डोंगरातली बंदूकवाली पोरं म्हणतील, हे खबरे आहेत. लष्कराने दवाखान्याला लावला तर तेच. म्हणून दोघांनीही फोन करायचा तो धायरीला. पोरांचा निरोप तिथला एक शाळामास्तर बूथवरून कळवायचा, तोही धायरीला. गाडी कुठून कधी जाणार एवढंच उस्ताद इकडचं तिकडे सांगायचे. बाकी काही नाही.

मास्तरने एकदा सहज विचारावं तसं विचारलं, चौकीवर शिपाई किती? उस्ताद म्हणाले, “मला मोजता येत नाही.” ज्याने जन्मभर एक-दो, एक-दो केलं, तो असं म्हणाला. मी आत जाऊन हसले.

तर एकदा ते फोनची लांब वायर आणायला बुधवार पेठेत गेले. दुपारची वेळ. दुकानाचं शटर अर्धं खाली, आत मालक पंख्याखाली आडवा. उस्तादांनी वाकून वायर मागितली. मालक उठला नाही, डोळेही उघडले नाहीत. म्हणाला, “पाटी वाचता येते ना आपल्याला?” पाटी होती, एक ते चार बंद.

दुसरा कुणी शिव्या देत परतला असता. उस्ताद पायरीवर बसून राहिले, चार वाजता वायर घेतली आणि खुशीत घरी आले. मला म्हणाले, वहिनी, कायदा नाही, पोलीस नाही, तरी अख्खी पेठ रोज तीन तास हात आखडते. गिऱ्हाईक येऊ दे नाहीतर देव येऊ दे. मग बंदुकांना हे का जमू नये?

मी म्हटलं, तुम्हाला ऊन लागलंय.

पण ते हटले नाहीत. महिनाभर त्यांनी दोन्हीकडे तेच लावून धरलं. दुपारी तीन तास कुणी गोळी चालवायची नाही, तेवढ्या वेळात गाड्या आजारी माणसं आणतील, धान्य नेतील. मास्तरने पोरांचा होकार कळवला. चौकीच्या साहेबांच्या वरच्यांनीही मान डोलावली, कधीपासून ते चौकीला तुम्हीच कळवा म्हणाले. डॉक्टरबाई मूळच्या पुण्याच्याच, त्यांना उस्तादांनी फोनवर सांगितलं, “उद्यापासून एक ते चार बंद,” आणि दोघं पोट धरून हसले. मग चौकीवर फोन लावला. साहेब फिरतीवर होते, म्हणून कारकुनाकडे निरोप ठेवला, “कल से एक से चार बंद.” वर म्हणाले, पुण्याची पद्धत आहे, लिहून घ्या. कारकुनाने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जीप निघाली, आणि वर सांगितलं तिथे अडकली.

साहेब फोनवर आले ते तापलेलेच. उस्तादांच्याच हाताखाली कवायत शिकलेले होते. मला वाटलं, आता उस्तादांचा तो मैदानाचा आवाज निघणार आणि माझी काचेची भांडी फुटणार. पण ते हळू बोलले. साहेब, जीप आमच्या संस्थेची आहे, चौकीवाले का मारताहेत?

फोन माझ्याच हातात होता, उत्तर मलाही ऐकू आलं. “रास्ता तो बंद है, उस्ताद. आपने ही कहलवाया था, एक से चार बंद.”

मी उस्तादांच्या तोंडाकडे पाहत होते. बुधवार पेठेत बंद म्हणजे दुकान बंद. डॉक्टरबाईंना बंद म्हणजे गोळी बंद. आणि चौकीला बंद म्हणजे रस्ता बंद, त्यावर जे हलेल ते शत्रूचं. एकाच शब्दाने गाडी बाहेर काढली होती आणि त्याच शब्दाने बंदूक रोखली होती.

“चूक माझी आहे, साहेब,” उस्ताद म्हणाले. “मला गोळी बंद म्हणायचं होतं. शब्द अर्धा टाकला मी.”

साहेब थोडे निवळले. पण त्यांनी विचारलं की जीपमध्ये कोण आहे? उस्तादांनी सांगितलं, ड्रायव्हर, नर्स, अडलेली बाई. साहेब म्हणाले, बाईचं नाव सांगा, गाव सांगा, नवऱ्याचं नाव सांगा. डोंगरातल्या कुणाची बायको असेल तर मला कळायला हवं.

डाव्या फोनवर डॉक्टरबाई सांगत होत्या की बाई आता ओरडायचीही थांबली आहे. मी उस्तादांना कोपराने ढोसलं. काहीतरी नाव सांगून मोकळे व्हा, असं मला म्हणायचं होतं.

“नाव मी विचारलेलं नाही, साहेब, आणि विचारणार नाही. आज मी तुम्हाला नाव दिलं तर उद्या त्या दवाखान्यात बाळंतीण येणार नाही. उद्या तुमचा जवान तिथे पडला आणि कुणी त्याचं नाव मागितलं, तर तेही मी देणार नाही. गाडीत हत्यार नाही, ही जबान माझी.”

साहेबांनी विचारलं, “उस्ताद, गाडी दिखेगी?”

“दिसेल,” उस्ताद म्हणाले. माझ्याकडचा फोन त्यांनी घेतला, पण खाली ठेवला नाही, नुसता छातीशी धरला, आणि डाव्या फोनवर डॉक्टरबाईंना एकेक सांगायला लागले. इंजिन थांबवा. चारही दारं उघडा. ड्रायव्हरने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत. नर्सने उतरून रस्त्याच्या मधोमध उभं राहावं, हात दोन्ही बाजूंना पसरून. ते सांगत होते आणि फोन धरलेल्या हातांची त्यांची स्वतःची कोपरंही बाजूला गेली होती. ती नर्स कोण ते मला माहीत होतं. माझ्या गोठ्याच्या फाटकात ती दोनदा चुकली होती, हात वर करायच्या आधी बोलली होती, आणि मी तिला दांड्याने मागे ढकललं होतं.

वायरलेसवर काही येईना. बाहेर इमारतीवर सिमेंटचं मशीन फिरत होतं, त्याचा मला फार राग आला.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, चौकीवरून एक जवान चालत आला. बंदूक पाठीवर आहे. त्याने आत वाकून पाहिलं. तो हाताने पुढे जा म्हणतोय.

उस्तादांनी आधी साहेबांचे आभार मानले, मग फोन ठेवले, मग बसले. चहा मागितला. मी तासापूर्वी ठेवलेला गार चहाच पुढे सरकवला.

“एवढी पोरं घोकवून तयार केलीत,” मी म्हटलं, “आणि शेवटी शब्दातच माती खाल्लीत.”

“खाल्ली,” ते म्हणाले आणि चहा पिऊन टाकला.

त्या दिवसापासून निरोप बदलला. एक ते चार गोळी थांबेल, गाडी चालेल. असा पूर्ण, आणि ऐकणाऱ्याने तो उलट म्हणून दाखवायचा. चौकीनेही पाळला आणि डोंगरानेही पाळला, कधी मोडलाच तर दुसऱ्या दिवसापासून परत धरला. तिकडचं भांडण मिटेपर्यंत गाड्या जात राहिल्या. आमच्या घरात मात्र तो शब्द अवघड झाला. मी दूध बंद करा म्हटलं की उस्ताद खिडकीतून विचारायचे, “काय बंद, वहिनी? गॅस की गवळी?”

पुढे संस्थेने मोठी जागा घेतली. उस्ताद तरी दुपारचे माझ्याकडे येऊन बसायचे. दोन वर्षांमागे ते गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. अंत्ययात्रेला साहेब लोक आले होते, गणवेश न घालता. तसं कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मिशी उस्तादांनी शेवटपर्यंत पुन्हा ठेवली नाही.

खिडकीच्या चौकटीत वायरीसाठी पाडलेली खाच अजून आहे. धाकटा ती बुजवायला निघाला होता, मी हाकलला.

डॉक्टरबाई मला भेटायला आल्या तेव्हा मी त्या जीपचं विचारलं. त्या बाईचा नवरा कोण होता ते त्यांनाही कधी कळलं नाही. ड्रायव्हर अजून तिथेच गाडी चालवतो. नर्स आता पोरींना शिकवते. जीपमध्ये तिघं होती. ड्रायव्हर, नर्स, ती बाई आणि तिची मुलगी, चौघं जगली.