जंबेरीचा दाखला

आमच्या अकोल्याच्या फ्लॅटला पाच दारं आहेत आणि बाबा पाचही दारांत अडकतात. पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा विचारात पडला. तसं काही नसतं. पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात, अंग पुढे झुकतं, आणि जायचं असूनही जाता येत नाही. पार्किन्सनमध्ये असं होतं. मी प्रत्येक दारापाशी पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो, सपाट फरशीवर उचलत नाही. असं का होतं, ते मी पुस्तकात वाचलेलं आहे. पण बाबा स्वयंपाकघराच्या दारात घामाघूम होऊन उभे असतात तेव्हा त्या वाचनाचा कवडीचा उपयोग नसतो.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बाबा वरूडकडचे. चाळीस वर्षं त्यांनी संत्र्याची कलमं बांधली, आधी दुसऱ्यांच्या रोपवाटिकेत, मग स्वतःच्या. खाली जंबेरीचं रोप असतं, त्याला खुंट म्हणतात. जंबेरी म्हणजे आंबट, काटेरी जात, पण मुळांनी दणकट. तिच्या सालीत चाकूनं छेद द्यायचा, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या छेदात बसवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून टाकायचा. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून बघायचं. डोळा हिरवा असला तर जगला, काळा पडला तर गेला. हंगामात बाबा दिवसभर उकिडवे बसून हे करायचे, गप्पा मारत, हाताकडे न बघता. आई गेल्यावर मी त्यांना इकडे तिसऱ्या मजल्यावर आणलं. "इथी माती कुठी हाय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी बाल्कनीतली कुंडी दाखवली. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

आता माझी चूक सांगते.

चार वर्षांपूर्वी अमरावतीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम सांगितला, आणि आजार पुढे वाढत जाणार हेही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा थांबले.

"मंग हे दुरुस्त नाई होत का?"

मास्तरणीला प्रश्न विचारला की तिला गप्प बसवत नाही. मी तिथेच तास घेतला. मेंदूत एका ठिकाणच्या पेशी मरत जातात म्हणून हे होतं, त्या जागी नव्या पेशी लावता येतील का यावर जगभर काम चालू आहे, त्यांना स्टेम सेल म्हणतात, ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही अशा कोवळ्या पेशी, त्यांच्यापासून हवी ती पेशी घडवता येते. बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. म्हणून मी म्हटलं, "तुमच्या जंबेरीसारखंच बाबा. खुंट जुना, डोळा नवा."

चेहरा एकदम उजळला. "असं म्हन नं मंग! लावू दे डोया."

हा दाखला मी वर्गात वर्षानुवर्षं देत आले आहे. पोरांना तो आवडतो. पण वर्गात मी पुढे हेही सांगते की दाखला इथे संपतो. कलमाला सालीला साल भिडली आणि रस वाहू लागला की झालं. मेंदूत लावलेल्या पेशीला आधी जगावं लागतं, वाट्टेल तशी वाढून गाठ न होता राहावं लागतं, मग लांबवर धागे सोडून नेमक्या हव्या त्याच पेशीशी जोडून घ्यावं लागतं. एवढं सगळं माणसाच्या डोक्यात नीट जमतं का, हे अजून तपासणं चालू आहे. पायऱ्यांवर मी हे बोलले नाही. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू.

उद्या काही उजाडला नाही, कारण दुसऱ्याच दिवशी बाबा पहाटे उठून खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारायला लागले. हातात रबरी चेंडू, तो दाबत दाबत. परत आले की मोठ्यानं पेपर वाचायचे, आवाज बसू नये म्हणून. "खुंट जोरदार पायजे," ते मला समजावून सांगायचे, "वाळल्या खुंटावर डोया धरत नाई." फिजिओथेरपी करणारी मुलगी म्हणायची, असा पेशंट मी पाहिला नाही. घरी येईल त्याला बाबा जंबेरीचा दाखला देत आणि शेवटी माझ्याकडे बोट करत, "आमची पोरगी शिकवते हे." मी हसून चहा टाकायला आत जायचे.

रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज त्यांच्या हातातला चेंडू दिसायचा. ते दारात अडकायचे, मी माझ्या वाक्यात. "कुठपर्यंत आलं काम?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, "चालू आहे बाबा, परदेशात." हे खोटंही नव्हतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मोजक्या रुग्णांच्या मेंदूत सोडून पाहणं खरंच चालू आहे, कुठे कुठे आशा वाटावी असंही दिसलं आहे. मी सगळं वाचायचे, आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी 'येत्या काळात' असायचं. हे शब्द ज्यानं शोधले त्याच्या घरात म्हातारं माणूस नसणार.

या वर्षी मोर्शीच्या एका ओळखीच्यानं बाबांच्या मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. अमरावतीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये शिबिर, मेंदूच्या आजारांवर स्टेम सेल उपचार. वाचूनच माझं डोकं फिरलं. हे लोक कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पाठीच्या कण्यातून सोडतात आणि मेंदू सुधारतो म्हणून सांगतात. त्या पेशींपासून मेंदूची पेशी तयार होत नाही. आपल्या नियमांप्रमाणे हे उपचार म्हणून विकताही येत नाही.

"बाबा, हे फसवतात. जायचं नाही."

"तुनंच तं सांगतलं होतं."

माझीच साक्ष माझ्यावर उलटली. चार वर्षांची गोष्ट एका वाक्यात मोडायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, चला, वाटेत सांगू. सकाळच्या बसमध्ये त्यांना खिडकी दिली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मी वेळेवर गोळी दिली, पाणी दिलं आणि बाकी काही बोलले नाही. बाबांनी लग्नाला घालतात तो सदरा घातला होता.

हॉलमध्ये दोन-तीनशे खुर्च्या होत्या. एक तरुण बाई मांडीवर मान न सावरणारं लेकरू घेऊन बसली होती. एक बाई नवऱ्याच्या ओठांच्या कडेची लाळ पुसत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पडद्यावर चालता न येणारी माणसं चालताना दाखवत होते. मग एकेकाला टेबलापाशी बोलावणं आलं. टेबलावर प्लास्टिकचा मेंदू आणि मागे कडक इस्त्रीचा एक माणूस, बोलायला साखर.

बाबा खुर्चीवर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"डोया कोन्या झाडाचा घेता?"

तो माणूस माझ्याकडे पाहू लागला. "पेशी कुठून घेता, असं विचारतायत," मी म्हटलं.

"तुमच्याच कमरेतून काका! शंभर टक्के तुमच्याच."

बाबांच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजे जंबेरीचा डोया जंबेरीलेच लावता. मंग संत्रं कसं लागन?"

माणूस हसला, बाबा हसले नाहीत.

"बरं, लावल्यावर जगला का मेला, कसं पाह्यता?"

"फरक तुम्हालाच जाणवेल काका."

"माह्यं नोका सांगू. तुमी कसं पाह्यता?"

"काका, वेळ द्यावा लागतो."

"शंभरातले मरतात किती?"

"आम्ही मरण्याची भाषा करत नाही काका. पॉझिटिव्ह राहायचं."

"न मरनारं कलम म्या चाळीस सालात पाह्यलं नाई," बाबा म्हणाले आणि टेबलाला धरून उठले.

त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. एवढा जाडजूड अभ्यासक्रम मी शिकवते, आणि नेमका प्रश्न सातवी शिकलेल्या माणसानं विचारला. मग ते हॉलच्या दारात अडकले. मागे माणसं खोळंबली. मी त्यांच्या पायासमोर माझा पाय आडवा धरला, तो ओलांडून ते बाहेर आले.

बसस्टँडवर बाकड्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "डोया धरीन का नाई हे अजून पक्कं नाई, तुले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मंग चार साल काहून नाई बोलली?"

"तुम्ही सकाळी उठून चालत होता, बाबा."

 ते समोर लागलेल्या बसकडे बघत हळूहळू, एकेक शब्द सोडवत बोलले. काही लोक डोळा मेलेलं कलम विकतात. खालची जंबेरीच फुटते, हिरवीगार दिसते, घेणाऱ्याला कळत नाही. तो पाच वर्षं खत घालतो, पाणी घालतो, आणि मग झाडाला आंबट फळं लागतात. "म्या असं कलम कोनाले देल्लं नाई," ते म्हणाले. "तुनं मले चार साल पानी टाकाले लावलं."

मी रडले. तिथेच, बसस्टँडवर, लोकांसमोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते फेऱ्या मारायला उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. फिजिओथेरपीवाली दोनदा येऊन परत गेली. आठवड्याभरात अंग इतकं आखडलं की खाटेवर कूस बदलायलाही त्यांना माझा हात लागू लागला. नवव्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि माझं मलाच ऐकू आलं, मी पुन्हा तेच बोलत होते. "बाबा, परदेशात माणसांवर प्रयोग चालू आहेत. खऱ्या डॉक्टरांचे. आणखी काही वर्षांत काहीतरी हाती लागेल."

"कोनाच्या हाती?"

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी करू लागले.

"तवरक मी रायतो का? सांग नं. मास्तरीन हायेस."

"नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग भिंतीकडे वळायला लागले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. आधी खांदा उचलायचा प्रयत्न केला, मग गुडघा, मग पुन्हा खांदा. माझ्याकडे पाठ फिरवायला त्यांना फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला तिथे बसून बघावं लागलं.